हमिंग जात नाही? प्लगची अर्थ पिन काढण्याआधी हे करून बघा

टॉप-बेस उभे केले, मिक्सर चालू केला, एकही माईक उघडलेला नाही, तरी स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येतोय. लाईव्ह साऊंड नव्याने शिकणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. केबल बदलली, चॅनल बदलला, मिक्सरसुद्धा दुसरा आणला, हमिंग आहे तिथंच. मग मांडवातलाच कुणी जाणकार पक्कड घेऊन येतो आणि प्लगची वरची जाड पिन उपटून टाकतो. हमिंग थांबतं, आयोजक खूश. हा उपाय लागू पडतो म्हणूनच तो गावोगाव पसरलाय, आणि तो जीव घेणारा उपाय आहे. त्याबद्दल पुढे बोलतोच. दोष नीट शोधला तर पक्कड काढायची वेळच येत नाही, म्हणून आधी शोधायचं कसं ते बघू.

पहिलं काम कानाचं. स्पीकरमधला प्रत्येक नकोसा आवाज म्हणजे हमिंग नाही. ‘स्स्स’ असं सपाट ऐकू येत असेल तर तो गेनचा घोळ आहे: मिक्सरवर गेन चिमूटभर आणि ॲम्पचे नॉब पूर्ण उघडे. ‘टर्र-टर्र-टर्र’ असं थांबून थांबून येत असेल तर कुणीतरी मोबाईल केबलवर ठेवलाय, तो उचला. हमिंगला मात्र ठराविक सूर असतो. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा, त्यामुळे हमिंग ५०, १००, १५० अशा पट्टीत येतं. खात्री करायची सोपी युक्ती आहे. कीबोर्डवाल्याला खालच्या सप्तकातली पांढरी पाच दाबून धरायला सांगा. ती ९८ हर्ट्झची. हमिंग तिच्या किंचित वर बसलं आणि दोन्ही मिळून सेकंदाला दोनेक हेलकावे ऐकू आले, तर आवाज विजेचाच आहे. जनरेटरवर हे आणखी मजेशीर होतं. साधारण १५०० फेऱ्यांवर चालणारं इंजिन ५० हर्ट्झ देतं. लाईटवाल्याने सगळे हॅलोजन एकदम लावले की इंजिन क्षणभर दबतं आणि हमिंगचा सूरही तेवढाच उतरतो.

इक्वलायझरवर ५०, १०० आणि १५० कापून मोकळं व्हायचा मोह होतो. तो टाळा. तिथंच ढोलकीची धूम आहे, पखवाजाचा धुमा आहे, बायाचा घुमारा आहे. हमिंग गेल्यासारखं वाटेल आणि कार्यक्रम पत्र्याच्या डब्यात वाजेल.

हेडफोन लावा, मग केबल ओढा

नवशिके इथंच वेळ घालवतात. दिसेल ती वायर उपसायला लागतात आणि पंधरा मिनिटांनी काय काढलं, काय लावलं याचाच हिशेब राहत नाही. त्याऐवजी अख्ख्या सेटअपचे दोन भाग करा. मिक्सरला हेडफोन लावा आणि मेन आउटपुट ऐका. हेडफोनमध्ये हमिंग नाही पण स्पीकरमध्ये आहे, तर दोष मिक्सरच्या पुढे आहे: आउटपुटची केबल, स्नेक (स्टेज ते मिक्सर जाणारी अनेक चॅनलची जाड केबल), ॲम्प किंवा पॉवर्ड स्पीकर (आतच ॲम्प असलेला). हेडफोनमध्येही आहे, तर दोष मिक्सरच्या मागे, म्हणजे स्टेजवरून येणाऱ्या कुठल्यातरी चॅनलमध्ये. एवढ्याने अर्धं शोधकाम संपलं.

स्टेजच्या बाजूला असेल तर पुन्हा अर्ध्यावर अर्धं. पहिले आठ चॅनल म्यूट करा. गेलं? मग त्या आठातले चार उघडा. अगदी थोड्या वेळात एका चॅनलवर बोट ठेवता येतं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. काही वेळा चॅनल म्यूट करूनही हमिंग राहतं आणि त्याच चॅनलचा जॅक मिक्सरमधून उपसला की जातं. असं झालं तर बाहेरून आलेला करंट केबलच्या शील्डमधून (आतल्या तारांभोवतीच्या जाळीतून) थेट मिक्सरच्या आतल्या ग्राउंडमध्ये शिरतोय. एक्सएलआरची (माईकच्या तीन पिनांच्या जॅकची) पहिली पिन यंत्राच्या बॉडीला जोडण्याऐवजी आतल्या सर्किटच्या ग्राउंडला जोडलेली असली की हे होतं. १९९५ मध्ये नील मन्सी या अभियंत्याने हा दोष सविस्तर मांडला, तेव्हापासून त्याला ‘पिन वन प्रॉब्लेम’ म्हणतात. स्वस्तातल्या मिक्सरमध्ये तो आजही भेटतो. म्हणून शेवटची खात्री म्यूटने नको, जॅक काढून करा.

जॅक काढताना ॲम्पचा आवाज खाली घ्या. स्पीकर फाटल्यावर हमिंगचं दुःख राहत नाही, हे खरं असलं तरी.

हमिंग येतं कुठून

थोडं समजून घेतलं तर पुढचं सगळं आपोआप सुचतं. दोन टाक्यांमध्ये पाण्याची पातळी वेगळी असेल आणि मधे पाईप जोडला तर पाणी वाहणारच. अर्थिंगचंही तसंच आहे. मिक्सर हॉलच्या मागच्या भिंतीवरच्या सॉकेटवर आहे आणि ॲम्प स्टेजमागच्या बोर्डवर. दोन्हीकडे अर्थ आहे, पण दोन्हींच्या पातळीत एखाद्या व्होल्टचा फरक आहे. तुमच्या ऑडिओ केबलची शील्ड या दोघांना जोडते, आणि तिच्यातून ५० हर्ट्झचा करंट वाहायला लागतो. हाच ग्राउंड लूप. केबल चांगली आहे, मिक्सर चांगला आहे, ॲम्पही चांगला आहे. म्हणून तर बदलून काही उपयोग होत नाही.

यावरचा पहिला उपाय फुकटचा आहे: मिक्सर, ॲम्प, स्टेजवरची वाद्यं, सगळ्यांना करंट एकाच ठिकाणाहून घ्या. स्टेजजवळच्या एका डिस्ट्रिब्युशन बोर्डवरून मिक्सरपर्यंत तीन कोअरची जाड एक्स्टेंशन ओढा, स्नेकच्या सोबतीने पण एक-दोन फूट अंतर ठेवून. मंगल कार्यालयात मिक्सरशेजारी भिंतीवर सॉकेट दिसला की हात तिकडेच जातो. तो सॉकेट बहुतेक वेळा वेगळ्या फेजवर आणि वेगळ्या अर्थवर असतो. हॉलच्या मागच्या बाजूला उभे केलेले डिले स्पीकर जवळच्या भिंतीवर लावले की तिथंही हेच.

एवढी केबल ओढणं शक्य नसेल तर सिग्नलच्या बाजूने लूप तोडा. बॅलन्स्ड लाईनमध्ये आवाज दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनवर असतो, पहिली पिन फक्त शील्डची. म्हणून एखादी छोटी एक्सएलआर केबल अशी करून ठेवायची की स्पीकरकडच्या टोकाला पहिली पिन जोडलेलीच नाही. आवाज पूर्ण जातो, लूप तुटतो. या केबलला दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळा. चुकून ती कंडेन्सर माईकला लागली तर माईक मुका राहील, कारण ४८ व्होल्टचा फँटम पॉवर परत येतो तो याच पहिल्या पिनवरून. याहून चांगला उपाय म्हणजे लाईनमध्ये एकास-एक प्रमाणाचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. त्यात आवाज चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, तांब्याची तार सलग नसतेच.

लॅपटॉप, म्हणजे निम्म्या तक्रारींचं मूळ

आता ट्रॅकवर गाणाऱ्यांमुळे आणि व्हिडिओ लावणाऱ्यांमुळे प्रत्येक कार्यक्रमात एक तरी लॅपटॉप स्टेजवर असतोच. गायक येतो, लॅपटॉप उघडतो, ईपी जॅक (हेडफोनचा बारीक जॅक) लावतो, गाणं स्वच्छ वाजतं. बॅटरी कमी दिसते म्हणून चार्जर लावतो, आणि बर्रर्र. चार्जर काढून बघा. आवाज गेला तर संशयाला जागाच उरत नाही.

चार्जरचे दोन प्रकार आणि दोघांची भानगड वेगळी. तीन पिनांचा असेल तर लॅपटॉपचा ग्राउंड थेट भिंतीच्या अर्थला जातो, म्हणजे वर सांगितलेला लूपच. दोन पिनांचा असेल तर अर्थ नसतोच, पण चार्जरच्या आत रेडिओचा गोंगाट दाबायला एक छोटा कपॅसिटर बसवलेला असतो. तो अगदी किंचित करंट पलीकडे सोडतो. चार्जरवर असताना लॅपटॉपच्या धातूवरून बोट फिरवलं की खरखरीत झिणझिणी जाणवते, ती यामुळे. मल्टिमीटर लावला तर लॅपटॉपची बॉडी आणि अर्थ यांच्यात चक्क शंभरेक व्होल्टसुद्धा दिसतात. घाबरू नका, त्यामागे करंट मिलिअँपियरच्या अंशाएवढाच असतो. पण तो ऑडिओ केबलच्या शील्डमधून मिक्सरकडे जातो आणि ऐकू येतो.

तिसरा प्रकार शोधायला सगळ्यात अवघड: एचडीएमआय. लॅपटॉप बॅटरीवर आहे, तरी हमिंग. कारण त्याच लॅपटॉपची एचडीएमआय केबल प्रोजेक्टरला किंवा एलईडी वॉलच्या प्रोसेसरला गेलीय आणि तो प्रोजेक्टर हॉलच्या दुसऱ्या टोकाला भलत्याच सॉकेटवर आहे. एचडीएमआय उपसून बघा. कीबोर्ड यूएसबीने लॅपटॉपला जोडलेला असेल तर तिथंही हाच खेळ होतो: दोघांचे ऑडिओ मिक्सरला, आणि वर यूएसबीचा तिसरा दुवा.

तिन्हींवर औषध एकच, ट्रान्सफॉर्मर असलेला पॅसिव्ह डीआय बॉक्स, म्हणजे वाद्याचा किंवा लॅपटॉपचा सिग्नल बॅलन्स्ड करून मिक्सरला देणारी डबी. लॅपटॉपसाठी दोन, किंवा स्टिरिओ डीआय असेल तर एकच. त्यावर ‘ग्राउंड लिफ्ट’ असा खटका असतो. हमिंग आलं की तो दाबायचा, एवढंच. ऑक्टापॅड, कीबोर्ड, अकूस्टिक गिटारचा पिकअप, जे जे पी-३८ जॅकवरून (गिटारच्या जाड जॅकवरून) येतं ते सगळं डीआयमधूनच घ्या. अनबॅलन्स्ड केबल (आत एक तार आणि भोवती शील्ड, एवढीच) पंधरा-वीस फुटांपलीकडे नेऊच नये. बाजारात ईपी जॅकचे छोटे प्लास्टिकचे आयसोलेटर मिळतात. भाषणाला चालतील, पण त्यातला ट्रान्सफॉर्मर चिमुकला असतो आणि ट्रॅकमधला बेस तिथंच बसतो.

जाता जाता एक: ईपी स्टिरिओची केबल सरळ एका एक्सएलआरमध्ये घालणारी ‘जुगाड’ केबल कुणी दिली तर परत करा. मिक्सर डाव्यातून उजवा वजा करतो आणि दोन्हीकडे सारखं असलेलं सगळं गायब होतं. ट्रॅकमधली ढोलकी गेली, फक्त रिव्हर्ब उरला, अशी तक्रार आली की कारण हेच.

लाईटवाल्याचा हात

हमिंगऐवजी कर्कश, धारदार ‘झ्झ्झ’ येत असेल आणि लाईट कमी-जास्त केल्यावर तोही बदलत असेल, तर डिमर, म्हणजे लाईट मंद-प्रखर करणारं यंत्र, दोषी. पार कॅन (स्टेजवरचे डब्यासारखे दिवे) अर्ध्यावर असताना हा आवाज सगळ्यात जास्त येतो. लाईटवाल्याला विनंती करा, “भाऊ, जरा अर्ध्यावर आण, मग पूर्ण कर.” फरक कळला की साऊंड आणि लाईट वेगवेगळ्या फेजवर न्या. स्नेक आणि लाईटच्या केबल समांतर पडल्या असतील तर दूर करा. ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांडा. उरलेली केबल ॲम्पच्या किंवा डिमरच्या डोक्यावर गुंडाळून ठेवू नका.

एलईडी वॉलचं वेगळं. तिच्यात डझनावारी पॉवर सप्लाय असतात आणि प्रत्येक जण अर्थमध्ये थोडा थोडा करंट सोडतो. त्याची बेरीज मोठी होते, म्हणूनच वॉलच्या लाईनवर ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की पुरवठा तोडणारा स्विच) उगाच ट्रिप होत राहते. साऊंडचा बोर्ड वॉलच्या बोर्डवरून कधीच घेऊ नका.

आता त्या पिनबद्दल

अर्थची पिन काढली की लूप तुटतो, म्हणून हमिंग जातं. पण ती पिन हमिंगसाठी बसवलेली नाही. ॲम्पच्या आत फेजची वायर सुटून बॉडीला टेकली तर करंट अर्थमधून धो धो जावा आणि एमसीबी पडावी, यासाठी ती आहे. पिन नसेल तर बॉडी २३० व्होल्टवर तशीच राहते. तो करंट वाट शोधतो. वाट म्हणजे तुमच्या ऑडिओ केबलची शील्ड, तिथून मिक्सर, तिथून माईकची केबल, आणि माईकची जाळी. समोर अनवाणी उभे असलेले कीर्तनकार, पायाखाली पावसाने भिजलेली जाजम. ब्रिटनमधल्या ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वी ३ मे १९७२ रोजी स्वानसीत, प्रेक्षकांसमोर स्टेजवर, अर्थ नसलेल्या माईकला हात लागून मरण पावला.

गायक म्हणाला “माईकला ओठ लागले की झिणझिण्या येतात”, तर त्याला फोमची टोपी देऊन विषय मिटवू नका. फोम झिणझिणी लपवतो, करंट नाही. तिथंच साऊंड चेक थांबवा. बहुतेक वेळा गिटारचा ॲम्प किंवा मिक्सर यांपैकी एकाची अर्थ तुटलेली असते.

म्हणून बॅगेत मल्टिमीटर हवा आणि स्पीकर उतरवण्याआधी सॉकेट मोजायला हवा. सवय नसेल तर वायरमनकडून मोजून घ्या आणि आकडे स्वतः वाचा. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास. फेज ते अर्थही तेवढेच. न्यूट्रल ते अर्थ शून्याजवळ, दोन-तीन व्होल्टपर्यंत चालतं. न्यूट्रल-अर्थमध्ये २३० दिसले तर फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेत. फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ दोन्हीकडे अधलेमधले, हलते आकडे दिसले तर अर्थ कुठंच जोडलेली नाही, सॉकेटला तिसरं भोक आहे एवढंच. आणि फेज-न्यूट्रल तीनशेच्या वर दिसलं तर काहीही लावू नका: थ्री फेजची न्यूट्रल सुटलीय, आणि दोन फेजमधले ४०० व्होल्ट तुमच्या मिक्सरच्या वाट्याला यायला वेळ लागणार नाही.

जनरेटर असला की आणखी एक प्रश्न विचारायचा. “मामा, न्यूट्रल बॉडीला बांधलीय का? आणि बॉडीला अर्थ दिलीय का?” न्यूट्रल मोकळी असेल तर पहिला दोष झाल्यावर आरसीसीबीला काही कळतच नाही, कारण करंटला परत जायला रस्ताच नसतो. आरसीसीबी बसवलेली दिसते, सगळे निर्धास्त असतात, आणि ती पडणार नसते. ही जोडणी परवाना असलेल्या वायरमननेच करायची, साऊंडवाल्याने नाही.

काही जण मिक्सरसाठी वेगळी सळई ठोकतात, मीठ-पाणी घालतात. हेतू चांगला, परिणाम उलटा. आता जमिनीत दोन वेगळ्या अर्थ झाल्या, म्हणजे लूप आणखी पक्का. शिवाय घाईत ठोकलेल्या सळईचा रोध सहज ५० ओहम असू शकतो. २३० भागिले ५० म्हणजे साडेचार अँपियर. १६ अँपियरची एमसीबी त्याने हलणारसुद्धा नाही. सगळं एकाच अर्थला बांधलेलं हवं.

लोक बसलेत, हमिंग आहे

शोधायला वेळच नसेल तर प्राधान्य ठरवा. लॅपटॉप चार्ज असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. ट्रॅक नसताना त्याचा चॅनल म्यूट ठेवा, निवेदन सुरू झालं की लगेच. गायकांच्या आणि निवेदकाच्या चॅनलवर १०० हर्ट्झच्या आसपासचा लो कट, म्हणजे त्याखालचे सूर कापणारा खटका, दाबा. बायकांच्या आवाजाला तो थोडा वरही चालतो. वापरात नसलेले जॅक फक्त म्यूट न करता उपसून ठेवा. मिक्सरकडून ॲम्पला जास्त लेव्हल द्या आणि ॲम्पचे नॉब तेवढेच खाली घ्या. हमिंग मधल्या केबलमध्ये शिरत असेल तर एवढ्याने ते बरंच दबतं.

एक हमिंग मात्र यातल्या कशानेच जात नाही. गिटारवाल्याकडे सिंगल कॉइल पिकअपची गिटार आहे, आणि तो जागेवर वळला की हमिंग कमी-जास्त होतं. तिथं लूप शोधत बसू नका. पिकअपची कॉइल जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र उचलतेय. त्याला ॲम्पपासून दोन पावलं लांब उभं करा, कुठल्या दिशेला तोंड केल्यावर सगळ्यात कमी येतं ते बघा आणि तिथं टेपची खूण करा. दोन गाण्यांच्या मधे व्हॉल्यूमचा नॉब बंद करायलाही सांगा. तो विसरेल, म्हणून त्याचा म्यूट तुमच्या बोटाखाली ठेवा.